ऑनलाइन जिओलॉजी शिकायचीय? आधी घाटातला कट बघा

जिओलॉजी ऑनलाइन शिकायची म्हटलं की बहुतेक जण एकच करतात. गूगलला विचारायचं, पहिला जो फुकट कोर्स येईल तो सुरू करायचा, मग दुसऱ्या-तिसऱ्या लेक्चरला खनिजांची यादी येते, फेल्डस्पार, पायरॉक्सिन, अँफिबोल, त्यांचे स्फटिक, त्यांचे अक्ष, आणि तिथेच गाडी अडते. यात शिकणाऱ्याचा काही दोष नाही हो. शाळेत भूगोलाच्या तासाला अग्निज, गाळाचे आणि रूपांतरित असे तीन खडक पाठ केले तेव्हाही हेच झालं होतं, नावं पाठ झाली आणि ती कशासाठी हवीत ते कळायच्या आत घंटा वाजली.

मला विचाराल तर सगळ्यात आधी शिकायचा तो क्रम. समोर जो डोंगर दिसतोय त्यात आधी काय झालं, मग काय झालं, आणि हे आपण कशावरून म्हणतोय. एवढं जमायला लागलं की नावं आपोआप चिकटतात, कारण तेव्हा ती लागतात. म्हणून कुठलाही कोर्स, चॅनल, अॅप उघडलं की मी एकच बघतो, हे लोक क्रम लावायला शिकवतायत की नुसतीच शब्दांची वही भरून घेतायत.

आणि आपल्याकडे महाराष्ट्रात क्रम शिकायची सोय इतकी भारी आहे की बास. कुठल्याही घाटातला रस्त्याचा कट, म्हणजे रस्त्यासाठी डोंगर कापून उघडी पडलेली भिंत घ्या, वरंधा, माळशेज, आंबेनळी, कुठलाही. खाली काळा कुळकुळीत घट्ट दगड असतो, त्याला आपण सरळ काळा पाषाण म्हणतो, तो म्हणजे बेसॉल्ट. जरा वर गेलं की तोच दगड भोकाभोकांचा होतो, विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. त्याच्यावर बऱ्याचदा एक लालभडक मातकट पट्टा असतो, कधी वीतभर, कधी पुरुषभर, तो गेरू. आणि गेरूच्या वर परत काळा पाषाण.

आता याचा क्रम लावा. लाव्हा वाहत आला, पसरला, थंड व्हायला लागला. आत विरघळलेला वायू बुडबुडे होऊन वर सरकला, पण वरचा थर तोवर घट्ट झालेला, म्हणून बुडबुडे तिथेच अडकले, आणि प्रवाहाचा वरचा भाग भोकांचा झाला. मधला भाग सावकाश थंड झाला म्हणून तो भरीव राहिला. मग लाव्हा यायचा थांबला, किती काळ ते जागेजागेवर वेगळं, पण तेवढ्यात हवा-पाण्याने वरचा पृष्ठभाग कुजायला, लाल व्हायला लागला. बऱ्याच ठिकाणचा गेरू म्हणजे हीच ती मधली सुट्टी, काही ठिकाणी त्यात ज्वालामुखीची राखही असते. मग पुढचा लाव्हा त्याच्यावरून वाहिला आणि खालची लाल माती भाजून निघाली.

म्हणजे खालचं जुनं, वरचं नवं. हा नियम निकोलस स्टेनो नावाच्या डॅनिश माणसाने 1669 मध्ये लिहून ठेवला, तो गाळाच्या थरांसाठी होता पण लाव्हाच्या थरांनाही चालतो. दुसरा नियम त्याहून सोपा. जे कापतं ते नंतरचं. कोकणात रायगडच्या किनाऱ्याला किंवा धुळे-नंदुरबारकडे आडव्या थरांना उभा छेद देत गेलेली दगडाची भिंत दिसते, तिला डाइक म्हणतात, भेगेत लाव्हा शिरून तिथेच गोठला की ती होते. ती थरांना कापते म्हणजे थर आधी होते, डाइक मागून आली. झालं, दोन नियम झाले. पहिल्या वर्षाचं निम्मं काम या दोन नियमांवर चालतं असं म्हटलं तरी फार चुकणार नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकू, ट्रेकला गेलं की कोणीतरी हमखास विचारतं की ज्वालामुखीचं तोंड कुठंय, आणि मग एखाद्या सुळक्याकडे बोट दाखवतात. आपल्याकडे शंकूसारखा एक मोठा ज्वालामुखी फुटला आणि सह्याद्री झाला असं झालेलं नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून पातळ लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर येऊन पसरला, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी. आज उरलाय तो भागसुद्धा 5 लाख चौरस किलोमीटरच्या आसपास भरतो, महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून जास्त भाग त्याच्याखाली आहे. सुळके आणि किल्ले हे त्यातून नंतर झिजून उरलेले तुकडे. भरीव थर उभा कडा धरून राहतो, भोकांचा थर आणि गेरू झिजून उतार होतो, म्हणून लांबून डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो. किल्ला चढताना आधी दमवणारा उतार, मग कातळकडा, मग परत उतार असं का असतं त्याचं उत्तर हेच.

आता ऑनलाइन कुठे जायचं.

सगळ्यात आधी लाव्हा वाहताना बघा. खरंच. यूट्यूबवर यूएसजीएसचे, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी भूसर्वेक्षण संस्थेचे, हवाईच्या किलाउएआ ज्वालामुखीचे व्हिडिओ आहेत, आइसलंडला 2014-15 मध्ये होलुह्राउनला भेगेतून लाव्हा आला होता, 2021 मध्ये फाग्राडाल्सफ्याल फुटला त्याचं तर तासन्तास चित्रीकरण झालं. होलुह्राउनचा उद्रेक साधारण सहा महिने चालला आणि सुमारे 84 चौरस किलोमीटर जमीन लाव्ह्याखाली गेली. हे आपल्या दख्खनच्या मानाने काहीच नाही, पण बेसॉल्ट तोच, पद्धत तीच. लाव्ह्याची जीभ पुढे येते, वर साय धरल्यासारखं कवच होतं, आतून ढकल बसून ती फुगते, बाजूने फुटून दुसरी जीभ निघते. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुण्या-नाशिककडच्या कटमध्ये एकावर एक गोल-गोल फुगवटे का दिसतात ते कोणी सांगावं लागत नाही.

दुसरं, निक झेंटनर. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात सेंट्रल वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत शिकवतात, फळा-खडू घेऊन बोलतात, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये घरून लाइव्ह शिकवायचे ते सगळं यूट्यूबवर पडलंय. मी हे नाव मुद्दाम घेतोय. बाकीचे बरेच इंग्रजी कोर्स ग्रँड कॅन्यनपासून सुरू होतात, वाळूचा दगड, चुनखडी, शेल, आणि आपण खिडकीतून बाहेर बघावं तर यातलं काहीच नाही. झेंटनर ज्या भागात राहतात तिथे कोलंबिया नदीचा बेसॉल्ट आहे, तो पण भेगांमधून आलेला लाव्हाचा पूर, साधारण 1.6 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्या दख्खनचा धाकटा भाऊच म्हणा. ते तिथल्या कड्यांवर जे बोलतात त्यातलं निम्मंअधिक इथे जसंच्या तसं लागू पडतं.

उभे षट्कोनी खांब दिसले की ते काय सांगतात ते तिथे नीट कळेल. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल, चारी बाजूंनी इमारती आणि मधे साधारण 60 मीटरचा काळ्या खांबांचा जुडगा. लाव्हा गोठल्यावर आणखी थंड होत आकसतो, आकसला की ताण येतो, ताण आला की तडे जातात, तळं आटल्यावर चिखलाला भेगा पडतात तसे, फक्त इथे ते तडे थंड पृष्ठभागाकडून आत आत सरकत जातात म्हणून त्यांचे खांब होतात. म्हणजे खांब ज्या दिशेला उभे, त्या दिशेने उष्णता बाहेर गेली. बघा, दगडाकडे बघून आपण कोट्यवधी वर्षांपूर्वीची उष्णतेची दिशा सांगतोय, हे मला अजून भारी वाटतं.

वाचायला काय? मराठीत सुरुवात करायची असेल तर मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, भूविज्ञानाच्या नोंदी भरपूर आहेत, भाषा जरा जड आहे पण मजकूर पक्का असतो, आणि अग्निज, विभंग (थर तुटून सरकतात ती भेग), वली (थरांना पडलेली घडी), अपक्षय (दगड कुजणं) असले शब्द एकदा नजरेखालून गेले की पुढे इंग्रजी वाचताना मदत होते. इंग्रजीची अडचण नसेल तर इग्नूच्या ई-ज्ञानकोशवर बीएस्सीच्या जिओलॉजीचं सगळं साहित्य पीडीएफमध्ये आहे, लॉगिनची कटकट न करता वाचता येतं, भारतातली उदाहरणं आहेत. मी सांगेन की खनिजं आणि स्फटिकांचा भाग लगेच उघडू नका, आधी भौतिक भूविज्ञान आणि संरचनेचा भाग घ्या. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची पूर्ण लेक्चर्स आहेत, ती फुकट, परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तरच फी. पण ती इंजिनीअरिंगच्या किंवा एमएस्सीच्या पोरांसाठी असतात, एकदम तिथे उडी मारू नका. परदेशी फुकट पुस्तकांमध्ये ओपन जिओलॉजी नावाच्या साइटवरचं पुस्तक नवशिक्यांसाठी चांगलं आहे, चित्रं भरपूर. एकाच वेळी चार गोष्टी उघडू नका एवढंच, एक पुस्तक आणि एक चॅनल पुरतं.

नकाशे हा मात्र वेगळाच खजिना आहे. जिओलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया, म्हणजे 1851 पासून चालत आलेली जीएसआय, त्यांचं भूकोश नावाचं पोर्टल आहे. त्यावर भारताचे भूशास्त्रीय नकाशे बघता येतात. सुरुवातीला लेयरची यादी बघून गांगरायला होतं, पण फक्त लिथॉलॉजीचा, म्हणजे खडकांच्या प्रकारांचा, लेयर चालू करा आणि आपलं गाव शोधा. पुणे, नाशिक, संभाजीनगर, सातारा असेल तर सगळीकडे एकच प्रकार दिसेल आणि जरा हिरमोड होईल, पण नकाशा पूर्वेकडे सरकवा. नागपूरच्या पुढे रंगच बदलतात. चंद्रपूरला कोळसा धरून बसलेले गोंडवना नावाचे जुने गाळाचे थर, भंडाऱ्याकडे मँगनीजचे रूपांतरित खडक, गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान. दक्षिणेला सिंधुदुर्ग आणि गोवा, तिथे परत जुने रूपांतरित खडक आणि लोहखनिज, वरून जांभा. म्हणजे दख्खनची लाव्हाची चादर जिथे संपते तिथे तिच्याखालचं जुनं जग उघडं पडतं. कोयनेजवळ शास्त्रीय अभ्यासासाठी 3 किलोमीटर खोल बोअर घेतलाय, तिथे सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट संपतो आणि खाली ग्रॅनाइटसारखा फार जुना खडक लागतो. खालचं जुनं, वरचं नवं, तेच परत.

जगाचा नकाशा हवा असेल तर मॅक्रोस्ट्रॅट आणि त्याच लोकांचं रॉक्ड नावाचं मोबाइल अॅप आहे, जिथे उभे आहात तिथल्या खडकाचं वय सांगतं. भारतासाठी ते ढोबळ आहे, त्यामुळे गावपातळीचं काही विचारू नका, पण प्रवासात मजा येते.

गूगल अर्थवर एक खेळ करून बघा. महाबळेश्वरला आर्थर सीटवर जा, कॅमेरा तिरपा करा, समोरच्या कड्यावर आडवे पट्टे मोजायचा प्रयत्न करा. मग उत्तरेला सरका, भीमाशंकर, मग इगतपुरी, मग जव्हार. ही नावं मी ट्रेकसाठी घेत नाहीये, भूवैज्ञानिकांनी लाव्हाच्या थरांच्या गटांना हीच नावं दिलीत. सगळ्यात खाली जव्हार, मग इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, मग खंडाळा, बुशे, मग पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर. डोळ्यांनी हे गट वेगळे करणं अवघड असतं, मुख्यतः दगडाच्या रासायनिक विश्लेषणावरून ते ठरवलेत. आणि गंमत अशी की हे सगळे थर दक्षिणेकडे अगदी किंचित, एक अंशाहूनही कमी, कललेले आहेत. म्हणून कळसूबाई 1646 मीटरवर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, तरी तिथला दगड महाबळेश्वरच्या पठारावरच्या दगडापेक्षा जुना आहे. वरचं नवं हा नियम एकाच कटमध्ये लावायचा, दोन वेगळ्या डोंगरांच्या उंचीची तुलना करून नाही, हे इथे पक्कं होतं.

खनिजांकडे आता या. मांजऱ्यातल्या त्या भोकांमध्ये नंतर खनिजयुक्त पाणी फिरलं आणि आत स्फटिक वाढले. भोक आधी, स्फटिक नंतर, क्रम सोडू नका. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींमधून निघालेलं निळंशार कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे, आपल्यालाच नसतं. सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे तिथे ही सगळी मंडळी काचेत बघायला मिळतात. ऑनलाइन बघायचं तर माइंडॅट, खनिजांचा सगळ्यात मोठा डेटाबेस म्हणा, तिथे जागेचं नाव टाकलं की तिथे काय काय सापडलंय त्याची यादी फोटोसकट येते.

फोटो काढून दगड ओळखणारी जी अॅप आहेत त्यांच्यावर मात्र माझा भरवसा नाही. दगडाचा रंग ही सगळ्यात फसवी गोष्ट, पांढरा स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ असेल, कॅल्साइट असेल, स्टिल्बाइट असेल, फोटोत तिन्ही सारखेच. त्यापेक्षा पोलादी चाकूचं टोक घ्या. क्वार्ट्झवर ओरखडा उठत नाही, उलट क्वार्ट्झनेच काचेवर ओरखडा उठतो. कॅल्साइटवर चाकूने सहज उठतो. तो खरवडून जी पूड पडली तिच्यावर लिंबाचे किंवा व्हिनेगरचे दोन थेंब टाका, बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट. ओरखडा उठतोय पण बुडबुडे नाहीत, आणि दगड बेसॉल्टच्या भोकातला आहे, तर झिओलाइट नावाच्या खनिज कुटुंबातलं (स्टिल्बाइट त्यातलंच) काहीतरी असायची शक्यता बरीच. दोन मिनिटांचं काम. आणि ते करताना दिसलेलं कुठल्याही अॅपपेक्षा जास्त लक्षात राहतं.

पुढची पायरी म्हणून ओपन युनिव्हर्सिटीचा व्हर्च्युअल मायक्रोस्कोप बघा. दगडाचा कागदापेक्षा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की त्यातून प्रकाश आरपार जातो आणि काळा कंटाळवाणा बेसॉल्ट एकदम रंगीत काचेसारखा दिसतो. कॉलेजच्या लॅबशिवाय हे बघायला मिळायचं नाही, आता ब्राउझरमध्ये काप फिरवता येतो. सुरुवातीला नुसतं बघा, फेल्डस्पारच्या लांबट पट्ट्या आणि त्यांच्या फटीत बसलेलं पायरॉक्सिन. फटीत बसलंय म्हणजे कोण आधी जमलं?

पुरावा कसा चालतो हे शिकायला लोणारपेक्षा चांगलं उदाहरण नाही. बुलढाणा जिल्ह्यातला खड्डा, व्यास साधारण 1.8 किलोमीटर, सगळीकडे ज्वालामुखीचाच दगड, मग लोकांना तो ज्वालामुखीचा वाटला तर नवल काय. 1973 मध्ये तिथल्या दगडात मॅस्केलिनाइट सापडल्याचं प्रसिद्ध झालं, म्हणजे फेल्डस्पार न वितळता नुसत्या प्रचंड धक्क्याने काचेसारखा झालेला. असला धक्का ज्वालामुखी देत नाही, उल्का देते. वयाचं मात्र अजून जुळत नाही, एका पद्धतीने सुमारे 52 हजार वर्षं येतात, आर्गॉनच्या पद्धतीने 5 लाख 70 हजारच्या आसपास. एकाच खड्ड्याची दहापट फरकाची दोन वयं! नवशिक्याने हे वाचून विज्ञानावर रागवायचं नाही, दोन्ही पद्धती नेमकं काय मोजतात ते शोधायचं. एक मोजते कणावर शेवटचं ऊन किंवा शेवटची उष्णता लागल्याला किती काळ झाला, दुसरी मोजते वितळलेला दगड गोठल्यापासून साठत गेलेला आर्गॉन. या एका प्रश्नाचा पाठलाग केलात तर कालमापनाचं अख्खं प्रकरण वाचून होतं.

असंच दख्खनच्या वयाचं आहे. 2019 मध्ये सायन्स नियतकालिकात दोन गटांचे निबंध शेजारी-शेजारी आले, एकाने झिरकॉन नावाच्या खनिजाच्या बारीक स्फटिकांवरून मोजलं, दुसऱ्याने आर्गॉनवरून, आणि लाव्ह्याचा मोठा लोंढा मेक्सिकोत पडलेल्या उल्केच्या आधी की नंतर यावर दोघांचं नीट जमलं नाही. डायनासोर कोणी मारले या भांडणात आपला सह्याद्री साक्षीदार आहे. आणि त्यातले बरेच झिरकॉन कुठे मिळाले माहितेय? दोन प्रवाहांच्या मधल्या त्या लाल गेरूत.

बाहेर पडाल तेव्हा थोडं सांभाळून. चालू खाणीत विचारल्याशिवाय शिरू नका, पावसाळ्यात घाटातल्या कटखाली उभं राहू नका, लेणी आणि किल्ल्यांवरचा दगड फोडू नका. निघोजला कुकडी नदीतले रांजणखळगे बघायला जाल तर उन्हाळ्यात जा, पाणी कमी असतं, एकेका खळग्याच्या तळाशी त्याला कोरणारे गोटे अजून पडलेले दिसतात. फोटो काढताना शेजारी पेन किंवा नाणं ठेवा, नाहीतर घरी आल्यावर खळगा वीतभर होता की पुरुषभर ते तुम्हालाच आठवणार नाही. जागा लिहून ठेवा, वर कुठली बाजू होती ते लिहून ठेवा.

आपल्याला कितपत कळलंय ते तपासायचं असेल तर आयआयटी जॅमच्या, म्हणजे एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेच्या, जिओलॉजीच्या जुन्या प्रश्नपत्रिका नेटवर फुकट मिळतात. त्यातलं स्फटिकशास्त्र आणि गणितं सध्या सोडा. जमीन उभी कापल्यासारखं चित्र देऊन घटनांचा क्रम विचारलेले प्रश्न असतात, थर, विभंग, डाइक, झीज, परत थर. तेवढे काढा, कागदावर नंबर टाका, मग उत्तरसूची उघडा.